कोसमटोल्याचा फोल्डर

हे प्रकरण लिहावं की नाही, या विचारात माझे दोन महिने गेले. आमच्या घरात माझ्याआधी कुणी साधं पोस्टकार्डही स्वतःच्या हाताने लिहिलेलं नाही. दुसऱ्याकडून लिहून घेतलं. अशा घरातल्या माणसाने स्वतःविषयी पानंच्या पानं भरावीत, हा मला अजूनही आगाऊपणा वाटतो. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांतले बरेचजण आता नाहीत, आणि आहेत ते पुस्तक हातात धरणारे नाहीत. म्हणजे माझं काही चुकलं तर ते सांगायलाही कुणी येणार नाही. ही सूट आहे असं कुणाला वाटेल, मला मात्र त्याचीच भीती वाटते. तेव्हा जे आठवतं तेवढंच सांगतो, आणि मोठेपणा मिरवतो आहे असं कुठे वाटलं तर आधीच माफी मागून ठेवतो.

लिहायला बसलो त्याला कारण अगदी किरकोळ घडलं. धाकट्या मुलीच्या कॉम्प्युटरवरचं एका फोल्डरचं चित्र नाहीसं झालं. पिवळ्या पाकिटासारखं ते लहानसं चित्र. कालपर्यंत पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात होतं, आज नव्हतं. मी शेजारी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "बाबा, फोल्डर दिसत नाहीये," आणि मी पेपर खाली ठेवून उभाच राहिलो. तिने कुठेतरी दोन ठिकाणी बोट दाबलं, एक खूण केली, आणि पाकीट परत जागेवर आलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही का एवढे घाबरलात?" सांगायचं तर कोसमटोल्यापासून सुरुवात करावी लागली असती.

कोसमटोला हे माझं गाव, साकोलीपासून सायकलने पाऊण तासावर. गावाच्या वरच्या अंगाला तलाव, त्याचं पाणी अडवणारी मातीची पार, आणि पारीखाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान शेतं. आमचं घर पारीपासून इतकं जवळ होतं की तलाव भरलेला असला की पावसाळाभर मागच्या भिंतीला ओल धरायची आणि माय त्या भिंतीशी लाकडं ठेवू द्यायची नाही. घरात माय, बाबा, मी आणि मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मोठ्या माय लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, म्हणून ते आमच्यातच राहत. पहाटे सगळ्यात पहिला आवाज त्यांच्या खाकरण्याचा, दुसरा त्यांच्या काठीचा. काठी आधी अंगणात वाजे, मग गोठ्याजवळ, मग पारीच्या चढावर तिचा आवाज मऊ होत जाई. ते परत येईपर्यंत मायने कनकीची आंबील चुलीवर ठेवलेली असे. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा. चांगला तांदूळ साकोलीच्या बाजारात जाई आणि चुरा आमच्या पोटात. सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण, हिवाळ्यात वालाच्या शेंगा, आणि तळ्यात मासे धरले की आठवडाभर घराला मासोळीचा वास. मला त्या वासाची कॉलेजात लाज वाटे. आता तो वास कुठे येतो का म्हणून मी बाजारात उगीच त्या गल्लीतून जातो.

मोठेबाबांकडे तलावाचं पाणी होतं. पगार नाही, हुद्दा नाही. त्यांच्या बापाकडे होतं म्हणून त्यांच्याकडे. पारीत पाणी सोडायची जी मोरी असते तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते कधी उघडायचं, पाणी आधी कोणाच्या बांधीत जायचं आणि किती वेळ, हे ते ठरवत. ठरवत म्हणणंही चूक आहे, ते ठरलेलंच होतं. त्यांना फक्त पाठ होतं. तलाव पूर्ण भरला तर पाणी वरून खाली जायचं. अर्धाच भरला तर उलटं, खालच्या टोकापासून वर; कारण वरच्या बांध्यांना पारीचा पाझर मिळतो, त्या थोडा दम धरतात. पण नुसतं वर आणि खाली एवढ्याने भागत नसे. शंभरावर बांध्या, प्रत्येकीला नाव, प्रत्येकीचा वेळ वेगळा, आणि मधेच वगळायच्या काही, ज्यांना शेजारच्या बांधीतून आपोआप ओल पोचते. तलाव जेवढा भरला तेवढं वर्ष म्हणायचं: पूर्ण वर्षाची एक रीत, अर्ध्या वर्षाची दुसरी, चौथाई वर्षाची तिसरी. आमच्या बांध्या पारीला अगदी लागून होत्या. म्हणजे अर्ध्या वर्षात आमचा नंबर सगळ्यात शेवटी.

मी तेव्हा साकोलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. भूगोलाचे लांजेवार सर भागातल्या तलावांची पाहणी करत होते. कुठल्याशा योजनेतून त्या कामासाठी कॉलेजला एक कॉम्प्युटर मिळाला होता. तो ठेवायला प्रयोगशाळेमागची खोली रंगवली, खिडक्यांना जाड पडदे लावले, आणि दाराशी चपला काढायचा नियम केला. आत शिरलं की पायाला फरशी गार लागायची आणि कोपऱ्यात स्टॅबिलायझर सतत गुणगुणत असायचा. वीज गेली की ते गुणगुणणं थांबे, आणि त्या शांततेत आपण लिहिलेलं सगळं गेलं हे कळे. खोलीची किल्ली गजाननकडे असे. गजानन म्हणजे प्रयोगशाळेतला हंगामी शिपाई, सातवीपर्यंत शिकलेला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. यंत्राला हात लावायची त्याला सक्त मनाई होती. त्याने फक्त धूळ पुसायची, तीही यंत्राच्या पडद्याला न शिवता. सरांनी मला टायपिंग येतं म्हणून निवडलं. शंभरभर मुलांतून मी एकटा त्या खोलीत जायचो. कोसमटोल्यात बाबा कोणालाही सांगत, "आमचा मधू मशीनवर बसते," आणि ऐकणारा ते कसलं मशीन आहे हे विचारत नसे, कारण बाबांनाही ते माहीत नव्हतं.

आमच्या गावाची माहिती मीच घेतली. अकरा दिवस मोठेबाबा अंगणात बसून सांगत होते आणि मी फॉर्मांवर लिहीत होतो. ते डोळे मिटून सांगत. मध्ये कुणी बोललं की मागे जाऊन पहिल्यापासून सुरू करत, त्यामुळे माय त्यांच्यासमोरून जाताना पदर तोंडाला लावून जाई. प्रत्येक फॉर्मवर बांधीवाल्याची सही किंवा अंगठा लागत होता, आणि तिथे गाव अडलं. अंगठा दिलेला कागद गावाबाहेर राहिला की जमीन जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. खालच्या टोकाला जमीन असलेले दादाजी सगळ्यांच्या वतीने बोलले.

"लिवून घे ना बापा, आमी कायले नाई म्हनू? पन कागद वापस आनजो."

मी म्हणालो, "मशीनमंदी गेलं का आणून देतो."

"मशीनमंदी गेलेलं कोनी काढू शकते का?"

"नाही काढू शकत."

हे मी किती सहज म्हणालो होतो. दुसऱ्या कुठल्याच गावाने कागद परत मागितले नव्हते. आमच्याच गावाने मागितले, आणि मी शब्द दिला.

आता त्या यंत्राविषयी थोडं. तेव्हा चित्रं नव्हती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं असत. प्रत्येक गावाचा एक कप्पा होता. यंत्राच्या भाषेत त्याला दुसरा शब्द होता, पण सर कपाटातल्या पुठ्ठ्याच्या फोल्डरवरून त्यालाही फोल्डरच म्हणत. नावाला इंग्रजी आठच अक्षरं मिळत, म्हणून कोसमटोल्याचा शेवटचा काना बसला नव्हता. 'कोसमटोल' एवढंच होतं. पडद्यावर गावांची यादी येई, बाणाच्या किल्लीने खाली-वर जायचं, हव्या त्या नावावर थांबायचं आणि एंटर दाबायचं. सरांनी बजावलं होतं की यादीतूनच निवडायचं, मनाने काही टाईप करायचं नाही. मनाने टाईप केलं की यंत्र बिघडतं. मी वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा. मला सांगितलेलं मी मोडत नसे.

मराठी माहिती इंग्रजी अक्षरांत टाईप करायला मला दोन महिने लागले. होळीच्या आधी काम झालं. सरांना विचारून मी आमच्या गावाचे कागद सायकलच्या कॅरिअरला बांधून परत नेले. दादाजींनी ते चावडीवर मोजून घेतले, आणि होळीच्या दिवशी गोवऱ्यांच्या वर ठेवून पेटवून दिले. कोणी वाईट बुद्धीने नाही. अंगठे मोकळे झाले, असंच सगळ्यांना वाटलं. मीही तिथे उभा होतो आणि मलाही बरं वाटलं. छापून घ्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. प्रिंटरची रिबन संपलेली होती आणि सर म्हणाले होते की सगळ्या गावांचं एकदम छापू.

वैशाखात मोठेबाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचेतला एकच शब्द मागे राहिला, तो म्हणजे 'हो'. तहान लागली तरी हो, दुखलं तरी हो, राग आला तरी तोच शब्द, फक्त जास्त जोरात. त्या पावसाळ्यात पाऊस मागे राहिला. पोळा होऊन भादवा लागला तेव्हा तलाव बरोबर अर्ध्यावर होता. उशिरा पिकणारं भारी धान पोटरीवर येणार आणि नेमकं तेव्हा पाणी लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मग लोकांनी अर्ध्या वर्षाची रीत आठवायला घेतली. प्रत्येकाला आपापल्या बांधीचं तेवढं आठवत होतं, आणि थोडं जास्तच आठवत होतं. काहीजण सरळ मोठेबाबांकडे आले. "सीतारामभाऊ, माह्या बांधीले दोन पाहार पानी रायते ना?" मोठेबाबा म्हणत, हो. दुसरा येई, "दोन नाई, एकच ना भाऊ?" हो. माणूस समाधानाने उठून जाई आणि मोठेबाबा डाव्या हाताने खाटेची पाटी बडवत राहत. एकदा मी गावात विचारून वहीत उतरवलेली बांध्यांची नावं एकेक करून वाचली आणि म्हटलं, जिथे पहिलं पाणी द्यायचं तिथेच हात उचला. सातव्या नावावर त्यांनी हात उचलला, आठव्यावर उचलला, मग हात खाली पडला आणि ते रडायला लागले. मायने माझ्या हातातून वही काढून घेतली.

दादाजी म्हणाले, "कायले त्या बुढ्याले त्रास देऊन राहिले? मधूच्या मशीनमंदी हाय ना सारं. आन ना गा काढून."

दुसऱ्या दिवशी मी नवी रिबन घेऊन कॉलेजात गेलो. चपला काढल्या, यंत्र सुरू केलं, यादी आली. मी बाण खाली नेला. आमच्या गावाच्या वरचं नाव होतं, खालचं नाव होतं, आणि मधे काही नव्हतं. रिकामी ओळसुद्धा नव्हती. दोन्ही नावं एकमेकांना चिकटून उभी होती, जणू आमचं गाव त्यांच्यामध्ये कधी नव्हतंच. मी यंत्र बंद केलं, पुन्हा सुरू केलं. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. गजानन दारात उभा होता. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "गाव दिसत नाही." तो फडकं घेऊन खिडकी पुसायला लागला.

त्याच्या आठ दिवस आधी कॉलेजात तपासणीची समिती येऊन गेली होती. समितीतल्या लोकांनी कौतुकाने किल्ल्या दाबून पाहिल्या होत्या. सर म्हणाले, त्यांच्याच हातून पुसलं गेलं असणार. पण त्यांच्या आवाजात तपासणी चांगली पार पडल्याचा आनंदही होता, आणि तो मला त्या दिवशी सहन झाला नाही. मी रोज जात राहिलो. वीज असेल तेव्हा जाऊन बसायचं, यादी उघडायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत बाण न्यायचा, परत आणायचा. दुसऱ्या गावांचे फोल्डर उघडून त्यांच्या पोटात आमचं गाव शिरलं आहे का ते बघितलं. जितक्या फ्लॉपी होत्या तितक्या घालून पाहिल्या. एका फ्लॉपीवर 'कोसम' एवढं दिसलं. उघडलं तर माझ्या टायपिंगच्या सरावाची दोन पानं. मला वाटे, यंत्राला एखादी गोष्ट विचारता आली पाहिजे. पण त्याला विचारायचं कसं, हे सांगणारं साकोलीत कुणी नव्हतं, भंडाऱ्यातही नव्हतं. पुस्तक होतं, ते इंग्रजीत. एकेक ओळ कोशातून लावत मी तीस पानं वाचली आणि एवढंच कळलं की हे पुस्तक ज्याला आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेलं आहे.

संध्याकाळी गावात शिरताना मी सायकलवरून उतरायचो नाही, म्हणजे कुणाशी बोलावं लागणार नाही. तरी चावडीजवळ कुणी ना कुणी हटकेच. "काय गा, भेटलं का?" पुढे पुढे ते विचारणंही बदललं. एकदा दादाजींनी मला ऐकू जाईल असं मोठ्याने दुसऱ्याला सांगितलं, "याईच्या बांध्या पारीले लागून. अर्ध्या तळ्यात याईचा नंबर शेवटी. कागदच नाई त नंबर कायचा? शिकलेला पोरगा हाय, कुठं काय दाबाचं ते त्याले बराबर समजते."

मी सायकल थांबवली. बोलायचं खूप होतं. पण कागद मीच परत आणले होते, मशीनमधून कोणी काढू शकत नाही हेही मीच म्हणालो होतो. मी घरी आलो. बाबांच्या कानावर ते आधीच गेलं होतं. ते जेवत होते. त्यांनी आंबील संपवली, मग म्हणाले, "तू पुसलं का?"

"नाही बाबा."

"भुलीनं?"

"भुलीनंही नाही. मले माहीत नाही."

"माहीत नाई म्हनजे काय गा? तूच त बसते ना मशीनवर."



सरांनी नागपूरला पत्र टाकून इंजिनिअर बोलावला. तो येईपर्यंत तुडुम उघडायचं नाही असं गावाने ठरवलं. गावाचा हा मोठेपणा मी विसरलो नाही. टोमणे मारणारेही थांबले होते. एक आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. धानाची पानं दुपारी गुंडाळू लागली. यंत्र बसवायला आधी जो इंजिनिअर आला होता तो नोकरी सोडून गेला होता. हा नवा होता, घाईत होता, आणि त्याला परतीची बस पकडायची होती. त्याने यादी पाहिली, दोन-चार गोष्टी केल्या आणि म्हणाला, "भाई, जो दिख नहीं रहा वो है नहीं. डिस्क में खराबी आ गई है, आज एक गया, कल बाकी भी जाएँगे." त्याचं म्हणणं होतं की दिसणारी सगळी गावं फ्लॉपीवर उतरवून घ्यावीत, डिस्क पूर्ण पुसून नव्याने तयार करावी, आणि गावं परत भरावीत. सर अस्वस्थ झाले. बाकी गावांचं दोन वर्षांचं काम त्यात होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "मधुकर, गाव तुझं आहे. तू सांगशील तसं करू. तुझी अजून आशा असेल तर थांबू."

मी विचारलं, "पुसल्यावर आमचं गाव सापडायची काही शक्यता राहील का, सर?"

इंजिनिअरच म्हणाला, "जो है ही नहीं, वो मिटाने से और क्या जाएगा?"

गजानन आत आला. चपला काढायच्या विसरून आला, हे मला स्पष्ट आठवतं, कारण सर त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "साहेब, चहा सांगून येऊ का? चहा पिऊन करा." सरांनी नको म्हटलं. फ्लॉपी भरून झाल्या. मग पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला: सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? गजानन पुन्हा म्हणाला, "उद्या केलं त नाई चालत का?" इंजिनिअर हसला, "कल तू बस रोकेगा क्या?" आणि उठून मला खुर्ची दिली. "लो, तुम ही दबाओ." मी होकाराचं वाय दाबलं. पडद्यावर आकडे एकामागून एक वाढत गेले. ते पुरे शंभर होईपर्यंत मी उभा होतो. वळून पाहिलं तेव्हा गजानन दारात नव्हता.

मी घरी जाऊन सांगितलं. त्या संध्याकाळी चावडीवर गाव बसलं. आरडाओरड होईल असं मला वाटत होतं, तसं काही झालं नाही. जो तो आपलं आठवणं मांडायला लागला. मग बाबा उठले. ते गावात कधी बोलत नसत. पाण्याचं बोलणं थोरल्या भावाचं, असं त्यांचं होतं. ते म्हणाले, "माह्या बांधीत औंदा पानी जानार नाई. बाकीचं तुमी पाहा." दादाजी म्हणाले, "तसं कोन म्हनते गा भिवा?" बाबा म्हणाले, "कोनी नाई म्हनत. मीच म्हनतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी आणि मी मिळून आमच्या बांध्यांची तोंडं चिखलाने बुजवली. शेजारच्या पाटातून पाणी वाहत होतं. मी एकदा म्हणालो, शेवटी उरलं तर घेऊ. बाबांनी पाठीमागे न बघता सांगितलं, "चिखल दे."

पाणी अंदाजाने सोडलं गेलं. काही बांध्यांत जास्त साचलं, काहींत पोचलंच नाही. खालच्या टोकाला दादाजींचं निम्मं धान वाळलं. आमचं पाझरावर जेवढं तगलं तेवढं तगलं. त्या हिवाळ्यात साकोलीच्या बाजारात न्यायला आमच्याकडे तांदूळ नव्हता आणि घरातली कनकीही मायने शेजारून आणली. मोठेबाबा माघात गेले. शेवटच्या दिवसांत ते काठीकडे बोट दाखवून हो, हो म्हणत, आणि माय त्यांना काठी हातात देई. मी पुन्हा त्या खोलीत गेलो नाही. सरांनी दोनदा निरोप पाठवला. पुढे बी.ए. झालं, बी.एड. झालं, तुमसरकडे एका शाळेत लागलो, आणि शाळेत जेव्हा कॉम्प्युटर आले तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणालो की हे काम दुसऱ्या कुणाला द्या, मला यातलं कळत नाही. खरं तेच होतं. गावात त्या गोष्टीविषयी कुणी माझ्याजवळ बोललं नाही. पण दादाजी जिवंत असेपर्यंत मला पाहिलं की पारीकडे बघत, आणि मी दुसरीकडे.

बरीच वर्षं गेली. माझे केस पिकले होते. शहापूरला एका लग्नात पंगतीतून उठून हात धूत होतो, तर मागून कुणी "सर" म्हणालं. गजानन होता. पार वाळून गेलेला, दात नव्हते. हंगामीचा कायम झाला होता आणि त्याच कॉलेजातून निवृत्त झाला होता. आम्ही मांडवाच्या कडेला दोन खुर्च्या ओढून बसलो. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "सर, एक सांगाचं होतं. नोकरी होती तोवर हिंमत नाई झाली."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तुमचं गाव म्या लपवलं होतं."

मला आधी काही कळलंच नाही. तो मान खाली घालून सांगत होता. पहिला इंजिनिअर यंत्र बसवायला आला तेव्हा त्याने सरांना दाखवलं होतं की एखादा फोल्डर कुणाला दिसू नये असं वाटलं तर कुठली किल्ली दाबायची. गजानन तेव्हा चहाचे कप घेऊन उभा होता. सर विसरून गेले, त्याच्या मात्र लक्षात राहिलं. समिती येणार होती त्या सकाळी त्याने खोली झाडली आणि यंत्र सुरू केलं.

"येतेत, किल्ल्या ठोकतेत, कोनाचं काय पुसतेत त्याचा भरोसा नाई. बाकीच्या गावाचे कागद कपाटात होते. तुमचेच नव्हते. म्हून तुमचंच लपवलं. वाटलं, समिती गेली का काढून ठेवू." तो थांबला. "काढाची किल्ली मले आठवली नाई, सर. सांगावं त मशीनले हात लावला म्हून हाकलून देतेत. रोज वाटे, उद्या सांगू. अन् तो नागपूरचा बाबू आला."

मांडवात कुणीतरी वाजंत्रीवाल्यांना हाक मारत होतं. मी विचारलं, "मग त्या दिवशी ते तिथंच होतं?"

"तिथंच होतं."

"मी वाय दाबलं तोपर्यंत?"

"होतं." त्याने हातातला पानाचा विडा उगाच दुसऱ्या हातात घेतला. "मांगं कॉलेजात कॉम्प्युटरचा नवा मास्तर आला, त्याले म्या विचारलं होतं. का बापा, जुन्या मशीनमंदी लपवलेलं कसं उघडाचं? तो म्हने, त्यात काय हाय. यादीत नसलं तरी नुसतं नाव टाईप केलं अन् एंटर मारला का उघडते." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी नाव टाकून पाह्यलं होतं का, सर?"

मी म्हणालो, "नाही."